गुलाबकाका गेले, आणि मला आईसाठी भीती वाटतेय

सकाळी फोन आला. गुलाबकाका गेले.

रडू नंतर आलं. आधी भीतीच वाटली.

आता आईचं काय?

काका आमच्या दारव्ह्याजवळच्या गावातले देवीचे पुजारी. बाबा गेल्यावर आईनं जेवण टाकलं, बोलणं टाकलं. बाबा मागे उभे आहेत, एवढंच म्हणायची. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. म्हणून तिला देवळात नेलं.

काकांनी अंगारा लावला. मग म्हणाले, "वैनी, पोटातलं बोलल्याशिवाय हे जात नाई. यवतमाळले समुपदेशनवाल्या मॅडम हायेत. मी येतो संगं."

मी चकित. पुजारी दवाखान्यात पाठवतो?

बाहेर आल्यावर हळूच म्हणाले, "माह्या लेकीले मी नुसता अंगाराच लावत राह्यलो. पोरगी गेली माही."

त्या दिवसापासून मी आईला एकटं सोडलं नाही. ती जिवाचं काही करून घेईल म्हणून बाथरूमची कडीसुद्धा काढून टाकली.

पहिले दोन सेशन आई गप्प. तिसऱ्या वेळी मॅडमच म्हणाल्या, "काका, आधी तुम्ही देवीचं नाव घ्या. सावकाश. आई, तुम्ही त्यासोबत श्वास घ्या."

दहा मिनिटं खोलीत तेवढंच चाललं.

आणि आई बोलली.

"त्यायनं पानी मांगतलं होतं. मी रागात होती. उठलीच नाई."

तेच बाबांचं शेवटचं मागणं होतं. आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर काका दर गुरुवारी आमच्यासोबत जीपमध्ये दाटीवाटीनं बसून यायचे. तिथल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, बोलणं चालू होतं, नामस्मरणही. आई हळूहळू जेवायला लागली.

आज तिला कसं सांगू? ती पुन्हा गप्प झाली तर? काका नाहीत म्हणून यवतमाळला जायचंच नाही म्हणाली तर?

ती तुरीची डाळ निवडत होती. सांगितलं.

तिचा हात थांबला.

 मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"आई, काहीतरी बोल नं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "मॅडमले फोन लावून दे."

मी लावला. तिनं तो माझ्या हातून घेतला.

"मॅडम, काका गेले. मले लय भेव लागून राह्यलं."

एवढं बोलली आणि मोठ्यानं रडली.

बाबा गेले तेव्हाही ती रडली नव्हती.

आता आम्ही दोघी तुमच्या शेवटच्या दर्शनाला निघालोय, काका. मला अजून भीती वाटतेय.

पण आई बोलतेय.

तुम्हाला तुमची लेक भेटो. नमस्कार.