प्रमुख पाहुणे येईपर्यंत

वृंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीत एका साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला उभा होतो. अंगात मोरपंखी जॅकेट, हातात माईक आणि समोर सोडतीची कुपनं मुठीत घट्ट धरून बसलेल्या बायका. फोन तिच्या धाकट्या भावाचा, प्रकाशचा. ‘सुधीरदादा, ताई गेली…’ एवढंच म्हणाला आणि त्याच्याच्याने पुढे बोलवेना. तेवढ्यात मागून दुकानाचा मालक कुजबुजला, ‘सर, पैठणीचा नंबर पुकारा ना, पब्लिक उठायला लागलंय.’ मी पुकारला. आवाज अजिबात कापला नाही. पैठणी कांदिवलीच्या एका आजींना लागली, त्या नाचल्या, मीही त्यांच्याबरोबर दोन पावलं नाचलो. वृंदा तिथे असती तर पदर तोंडाला लावून हसली असती आणि म्हणाली असती, ‘शाब्बास रे सुध्या! मैत्रीण मेली आणि पैठणी काढलीस!’ पण कार्यक्रम अर्धा टाकून निघून गेलो असतो तर मात्र तिने मला माफ केलं नसतं. अर्धवट राहिलेल्या कार्यक्रमाचं दुःख काय असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

वृंदा कोचरेकर आणि मी मुलुंडच्या एका कॉलेजात एकाच बाकावर मराठी घेऊन बी.ए. झालो. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांना ती फुकटची जाहिरात वाटायची. तिचे वडील गिरणीत होते; गिरणी बंद पडल्यावर घर लालबागहून भांडुपच्या टेकडीवर आलं आणि तिची आई डबे करून देऊ लागली. मी नाटकाच्या नादात वाया गेलो आणि पुढे निवेदक झालो. म्हणजे बारशापासून सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत कुठेही जाऊन ‘रसिकहो’ म्हणणारा माणूस. वृंदा बी.ए.ला पहिली आली, एम.ए. झाली आणि त्याच कॉलेजात शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की दर जूनमध्ये कॉलेज तुम्हाला नव्याने नेमतं आणि दर एप्रिलमध्ये विसरून जातं. ‘पुढल्या वर्षी तुमचं नक्की कायम करू हं मॅडम,’ असं तिला सांगणारे तीन प्राचार्य निवृत्त झाले. तिच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी त्याच विभागात कायम झाली. वृंदाने तिला पेढे दिले आणि मला म्हणाली, ‘पेढे मीच दिले रे. तिला सुचलं नाही, तिचा पहिलाच दिवस ना.’

आता मूळ विषयाकडे येतो. आमच्या कॉलेजचा पदवीदान समारंभ मोठा थाटाचा. सनई, गालिचा, झग्यांमधल्या प्राध्यापकांची मिरवणूक. झगा फक्त कायम असलेल्यांना. वृंदा झग्यांना पिना लावायची, कुणाची टोपी वाकडी असेल तर सरळ करायची आणि मिरवणूक हलली की मागच्या दाराने सभागृहात जाऊन उभी राहायची. आणि या समारंभाची एक प्रथा अशी, की प्रमुख पाहुणे ठरले की त्यांच्या कचेरीतून निरोप यायचा : साहेब फार बिझी आहेत, भाषणाचं तुमच्याकडूनच बघा. मग कार्यालयातले बाबू वृंदाकडे वळत. बिल्डर, बँकवाले, डॉक्टर, एक निवृत्त पोलीस अधिकारी… व्यासपीठावरून जे काही ते मुलांना सांगून गेले, ते सगळं आदल्या आठवड्यात भांडुपला पोळ्या लाटणाऱ्या आईला वाचून दाखवलेलं असायचं. मोबदला म्हणून पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एखादी उरलेली शाल. ‘मुंबईत शाल, यार! पांघरू काय, पंख्यावर घालू?’ असं ती म्हणायची.

सूत्रसंचालक मीच असे. आम्ही दोघांनी मिळून किती पदवीदानं पचवली असतील! तिचं लिहिलेलं न वाचता स्वतःचंच बोलणारे पाहुणेही यायचे, आणि ती भाषणं तर आमची दिवाळी. अनवाणी शाळेत गेलेले पाहुणे. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेले पाहुणे, ज्यांच्या वडिलांचा घाटकोपरला तीन मजली बंगला असल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि गरुड! चोच आपटून आपटून तोडणारा, पिसं उपटणारा तो मोबाइलवर फिरणारा गरुड तर आमच्या सभागृहात इतक्यांदा येऊन गेला, की त्यालाच पदवी द्यायला हवी होती. ‘उंच भरारी’ आली की आम्ही दोघं एकेक पेपरमिंट तोंडात टाकायचो. मी विंगेत, ती मागच्या दारात. एका वर्षी पेपरमिंटचा पुडा साहेब अर्ध्यावर असतानाच संपला. तिचं लिहिलेलं वाचणारेही काही कमी नव्हते. एका बिल्डरने, तिने कंसात लिहिलेली सूचनाही ठणठणीत आवाजात वाचून टाकली : ‘इथे क्षणभर थांबा, टाळ्या होतील.’ आणि टाळ्या झाल्या! वृंदा दारात उभी राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.

पण लिहिताना ती हसत नसे. तिचं सगळं लिहिणं सभागृहातल्या मागच्या रांगेसाठी असायचं. त्याला कारण होतं. आमच्या स्वतःच्या पदवीदानाला तिची आई आली होती. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. नवी कोरी साडी, डोक्यात अबोलीचा वळेसर, आणि बसली होती अगदी मागे, भिंतीला लागून. प्रमुख पाहुणे देशाच्या अर्थव्यवस्थेवर बोलायला उठले ते बसेचनात. काकी सारखी दाराकडे बघत होती. संध्याकाळचे डबे जायचे होते. शेवटी वृंदाचं नाव पुकारण्याआधीच ती उठून गेली. पहिली आलेली मुलगी व्यासपीठावर गेली तेव्हा तिने मागच्या रांगेकडे पाहिलं, तर तिथे नुसती खुर्ची. मी शेजारी होतो, मी पाहिलंय तिचं तोंड. त्या दिवसापासून कॉलेजातल्या या एका भाषणाच्या बाबतीत ती हट्टी झाली. ते छोटं हवं, खरं हवं, आणि मागच्या बाईला आपण आलो ते बरं झालं असं वाटायला हवं. आणि कधीतरी एकदा तिला ते स्वतःच्या तोंडाने करायचं होतं. हे ती बोलत नसे. पण मी हॉलमध्ये माईक तपासायला सांगितला, की ‘हॅलो हॅलो’ न म्हणता ती म्हणायची, ‘मित्रहो…’ आणि तिथेच थांबायची.

तिला ते मिळालं, आजारी पडण्याच्या आदल्या वर्षी. त्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून मालिकांमधला एक नट बोलावला होता. त्याचं शूटिंग मढच्या एका बंगल्यात. तिथून निघायलाच त्याला उशीर झाला आणि मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने त्याला पोटात घेतलं ते सोडेचना. इकडे सभागृह खचाखच, सनईवाला दमलेला, मुलं शिट्ट्या मारायला लागलेली. माझे सगळे विनोद संपले, अगदी सासूबाईंचेही. प्राचार्य विंगेत आले, घाम पुसत वृंदाला म्हणाले, ‘मॅडम, पाहुणे येईपर्यंत तुम्ही काहीतरी बोला ना. काहीही. पाच मिनिटं खेचा.’ ती चटकन म्हणाली, ‘सर, झगा?’ ‘झगा राहू दे हो, तुम्ही काय प्रमुख पाहुण्या आहात?’

ती तशीच गेली, हातात पिनांची डबी घेऊन. आणि त्या दिवशी मागे काकी बसली होती. डबे बंद होऊन वर्षं झाली होती, नुसती लेकीने लिहिलेलं ऐकायला म्हणून आलेली. वृंदाने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मित्रहो, तुम्हाला आज इथे सांगतील की जग तुमची वाट बघतंय. नाही बघत. मी चौकशी केली आहे.’ सभागृह हसलं आणि एकदम शांत झालं. ‘वाट घरी बघतायत. तेव्हा इथून आधी घरी जा आणि हा कागद ज्यांच्यामुळे मिळाला त्यांच्या हातात द्या, फोटो नंतर काढा. आणि त्यांना एक विचारा : तुला काय व्हायचं होतं? हे आपण कधी विचारलेलंच नसतं.’ मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. ‘मला या कॉलेजात दर जूनला नवीन नेमणूक मिळते. म्हणजे आयुष्यातला पहिला दिवस मी तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वेळा काढलाय. तुमचा आता येईल. म्हणून पहिल्या दिवसाबद्दल मला कळलेली एकच गोष्ट सांगते…’

आणि दार उघडलं. गॉगल, परफ्यूम, चार बाउन्सर. अख्खं सभागृह किंचाळत उभं राहिलं. प्राचार्यांनी तिच्या हातातला माईक काढून घेतला, म्हणजे अक्षरशः बोटं सोडवून काढला, आणि ‘ज्या क्षणाची आपण आतुरतेने वाट पाहत होतो’ म्हणाले. ती पिनांची डबी घेऊन खाली उतरली. मग त्या नटाने भाषण केलं. कुणाचं? अर्थात तिचंच. तिने आठवडाभर बसून लिहिलेलं. मधली दोन पानं त्याने एकदमच उलटली, शेवटी ‘लाइफ एकदम झकास जगा’ असं स्वतःचं जोडलं आणि सेल्फी काढायला खाली उतरला.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी संतापून बोलत होतो. ती शांतपणे खारी बुडवत होती.

‘पुढे काय होतं गं? पहिल्या दिवसाबद्दल?’

‘विसरले.’

‘खोटारडी!’

‘पुढल्या वर्षी सांगेन. पुढल्या वर्षी पाहुणे गोराईहून बोलवू. बोट चुकली तर मला अर्धा तास मिळेल.’

पुढल्या जूनला ती टाटा… नाही, नाव कशाला, एका मोठ्या इस्पितळाच्या रांगेत होती. पोटाचा कर्करोग. उपचारांमुळे तास घेता येईनात, म्हणून नेमणूक आली नाही. ‘रजा’ नावाची चीज तिच्या नोकरीत नव्हतीच. पण फोन आला. समारंभ जवळ आल्यावर बाबूंचा फोन आला, ‘मॅडम, तब्येत सांभाळून, जमलं तर यंदाचंही…’ मी तिच्या पलंगाशी होतो. म्हटलं, ‘खबरदार लिहिलंस तर! त्यांना गरुड उडवू दे.’ ती म्हणाली, ‘सुध्या, एखादी बाई त्या दिवशीचा धंदा बुडवून येते रे. तिने काय गुन्हा केलाय?’ आणि लिहिलं. हाताला सुई असल्यामुळे तिने सांगितलं आणि प्रकाशने लिहून घेतलं. एका बँकेच्या साहेबांनी ते वाचलं. इतकं सुंदर भाषण या व्यासपीठावर झालं नव्हतं, असं प्राचार्य आभार मानताना म्हणाले. कार्यक्रमाचं निमंत्रण तिला नव्हतं. यादीत फक्त चालू वर्षाचा स्टाफ होता.

ती गेल्यावर कॉलेजने शोकसभा घेतली. सूत्रसंचालन अर्थात माझ्याकडे. हसू नका, माझी फी ते देतच नाहीत, म्हणून मीच आठवतो. प्राचार्य बोलायला उठले, कागद काढला आणि वाचू लागले. ‘काही माणसं खोलीतून गेली की खोली मोठी होत नाही, नुसती रिकामी होते…’ प्राचार्यांकडून असं वाक्य? आणि मग ओळखलं. आमच्या ग्रंथालयातले गावकर काका वारले, तेव्हा वृंदाने याच प्राचार्यांना लिहून दिलेलं हे भाषण. ‘काका’ काढून ‘मॅडम’ घातलेलं. लोक डोळे पुसत होते. स्वतःच्या शोकसभेचं भाषणसुद्धा बाईला स्वतःलाच लिहावं लागलं! आणि ‘ते’चं ‘त्या’ करताना एक ओळ काढायची राहिली होती. प्राचार्य गहिवरून वाचत होते, ‘निवृत्तीनंतरही त्या रोज कॉलेजात येत.’ निवृत्तीनंतर! जिला कधी कायमच केलं नाही, तिला निवृत्त केलं त्यांनी, तेही मेल्यावर. तिथे बसलेल्या एवढ्या प्राध्यापकांतला एकही हलला नाही.

मी माईक घेतला आणि म्हटलं, ‘आत्ता आपण ऐकलं ते भाषण वृंदा कोचरेकर यांनीच लिहिलेलं आहे.’ मला वाटलं, आता छत कोसळेल. क्षणभर शांतता… आणि मग टाळ्या! त्यांना वाटलं, मी काव्यात्म काहीतरी बोललो. प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, ‘खरं आहे. मॅडमचे संस्कारच आहेत ते.’

परवा भांडुपला गेलो होतो. टेकडीवरचं घर आता इमारतीत गेलंय, सातव्या मजल्यावर. काकी पलंगावर बसून लसूण सोलत होती. रोज या वेळी वृंदा शेजारी बसून तिला काहीतरी वाचून दाखवायची. त्या वेळेला ती अजून लसूण घेऊन बसते, असं प्रकाश म्हणाला. समोरच्या घरातली नवी भाडेकरू विरजण मागायला आली, तर काकीने तिला बसवून घेतलं.

‘माझा चेडू कॉलेजात शिकवी हुता,’ काकी तिला आपल्या लेकीचं सांगू लागली. ‘मोठो समारंभ हुतो. एवढी माणसा! आमच्या बायन काय भाषण केल्यान! सगळी गप. मी मागसून आयकलंय.’

‘हो का? आणि प्रमुख पाहुणे कोण होते, आजी?’

काकीने लसणीची साल फुंकली. माझ्याकडे पाहिलं, जरा आठवलं.

‘हुतो कोणतरी, टीवीतलो. उशिरा इलो, म्हणान तेका हिच्या मागसून बोलूक दिल्यानी.’ मग तिला बहुधा त्या पोराची दयाच आली. ‘पण तेका कोण आयकता? आमच्या बायनंतर बोलाचा म्हणजे कठीणच.’