दस्तगीरच्या काचेतले काटेकिडे

कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ फोटोंना चौकटी करून देणारा दस्तगीर एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्याची बायको हाफिजा रत्नागिरीच्या बंदरावरची. त्याची दखनी तिला कळेना, तिची कोकणी त्याला. म्हणून दोघं आपली मराठीत भांडायची. लग्न झाल्यापासून तिचा एकच धोशा होता, एकदा माहेरी जाऊन येते. आणि ह्याला धास्ती, की बायको घाट उतरली तर परत यायची न्हाय. पण तोंडानं कबूल कोण करतंय!

"समुद्रच घरात आणतो की," तो म्हणाला. "मग जायचं कशाला?"

आणि आणला गड्यानं. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. दुकानातली जाड काच, लोखंडी चौकट, सांध्यांना डांबर, अशी टाकी केली. गल्लीतल्या केरबाचा ट्रक गूळ घेऊन रत्नागिरीला जाई. येताना तो खाऱ्या पाण्याचे डबे, भोकाभोकांचे दगड, फुलासारखा दिसणारा प्राणी म्हणजे एक समुद्रफूल आणि दोन पट्टेरी मासे घेऊन आला. हवेचा पंप मुंबईहून मागवला. बघायला सगळी गल्ली लोटली. हाफिजा मात्र दुपारची टाकीपुढं बसून राही.

काही दिवसांनी दगडाच्या भोकातून एक लांबडा लालसर किडा डोकावला. अंगाच्या दोन्ही बाजूंना पांढरे केस. दस्तगीरनं हात घालून धरला आणि बोंबललाच. बोटांत बारीक काटे घुसले होते, आग आग होत होती.

हाफिजा चिमट्यानं काटे काढता काढता म्हणाली, "काटेकिडा आहे. उरलंसुरलं, मेलेलं खातो. त्याच्या वाटेला जाऊ नका. लई झाले तर फडक्यात सुकट बांधून ठेवायची, गोळा होतात, उचलून टाकायचे. बिनकेसांचा, चपटा, कागदाच्या कपट्यासारखा सरकणारा दिसला तर सांगा. तो वाईट."

"किडा त्यो किडाच," दस्तगीर म्हणाला.

मग एके दिवशी समुद्रफूल आक्रसून गोळा झालं आणि त्याच्या बुडाशी काटेकिड्यांची ही गर्दी! दस्तगीरचं डोकंच फिरलं.

"बघ, खाल्लं तुझ्या लाडक्यांनी!"

"फूल मेलंय म्हणून ते आलेत," हाफिजा म्हणाली. "फूल काढा, थोडं पाणी बदला. बाकी काही करू नका."

पण पटकी आली की कोल्हापुरात जंतू मारायला विहिरीत परमँगनेटची लाल पूड टाकतात, हे दस्तगीरनं लहानपणापासून पाहिलं होतं. विहीर काय आणि टाकी काय! हाफिजा धुणं घेऊन बाहेर गेली तसं त्यानं चांगली मूठभर पूड टाकीत सोडली. पाणी जांभळं झालं, मग मातकट.

दुसऱ्या दिवशी मासे उताणे तरंगत होते. भोकाभोकातून मेलेले किडे अर्धे बाहेर लोंबत होते. आणि वास तर असा सुटला, की शेजारची विठाबाई भिंतीपलीकडून ओरडली, "दस्तगीर, काय मेलंय रं तुझ्या घरात?"

त्यानं नाकाला टॉवेल बांधला आणि पाणी उपसायला बादली उचलली. हाफिजानं त्याचा हात धरला.

"राहू द्या थोडा वेळ."

ती टाकीजवळ खाली बसली. डोळे मिटून तिनं खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. दस्तगीरला वाटलं, बाईला आता रडू फुटणार. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

"ओहोटीला आमच्या बंदरावर असाच वास येतो," ती म्हणाली. "एवढे दिवस इथं बसत होते. घरचा वास आजच आला."

दस्तगीरनं नाकावरचा टॉवेल सोडला. वास सहन होत नव्हता, तरी तो तिच्याजवळ बसून राहिला. मग उठला, चपला घातल्या आणि केरबाच्या घरी गेला.

"उद्या रत्नागिरीला निघालाईस न्हवं?"

"व्हय. पाण्याचे डबे द्यायचे हाईत?"

"डबे न्हाईत," दस्तगीर म्हणाला. "पुढं तुझ्या शेजारी जागा ठेव. हाफिजा माहेरी जाणार हाय."