शिडीमामांचा खवाटा

रंगारी मामांना सगळे शिडीमामा म्हणत, कारण त्यांचं निम्मं आयुष्य शिडीवर, मान वर करून गेलं होतं. बहिणीनं घर बदललं तेव्हा त्यांनी लोखंडी कपाट एकट्यानं खांद्यावर घेऊन जिना चढवला. "हमाल बोलावू," असं बहीण विनवत होती, पण ऐकतील ते मामा कसले! काही दिवसांतच ब्रश छताला पोचेना. हात खांद्यापर्यंत यायचा आणि हटून बसायचा.

पाठीला तेल चोळता चोळता मामी थबकल्या. "अहो, हा खवाटा केवढा वर आलाय! खाली बोटं जातायत माझी."

"खाली म्हणजे कुठं?" घाबरायचं सोडून मामा आरशापुढे मान वेळावू लागले.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना भिंत ढकलायला लावली. दार उघडावं तसं उजव्या खवाट्याचं पातं पाठीपासून सुटून आलं.

"ओझ्यानं नस चेपलीय," बाई म्हणाल्या.

"पण हे हाड जोडलेलं असतं तरी कशाशी?"

बाईंनी कोपऱ्यातला सांगाडा पुढे ओढला. "पाठीशी सांधाच नाही. पुढे गळ्याखालच्या हासळीच्या हाडाशी एवढासा आहे. बाकी सतरा स्नायू चहूबाजूंनी या पात्याला चिकटलेत."

"सतरा! आमच्याकडे दोघांच्या ओढाताणीत पांघरूण फाटतं."

बाई हसल्या. "त्यातला एक बरगड्यांवरून करवतीच्या दातांसारखा निघतो, पात्याखालून जातो आणि कण्याकडच्या कडेला चिकटतो. तो पातं फिरवतो, तेव्हा कुठं हात डोक्यावर जातो. तुमचा तोच झोपलाय. नस सुधारली की उठेल. धीर धरा."

छताची कामं कामावरच्या जोडीदाराकडे गेली. मामा खाली दारं रंगवत. वरची कड वाकडी दिसली की जीव तीळतीळ तुटे. घरी मात्र वेगळंच खूळ. मामींना हात वर करायला लावून ते त्यांच्या पाठीवर तळवा टेकत.

"अहो, भाजी करपतेय!"

"थांब गं, आत्ता पातं सरकतंय!"

व्यायाम चालू होता. बरेच महिने गेले. एका सकाळी मामांनी फळीवरचा डबा काढला आणि मामी किंचाळल्या, "अहो, हात!"

हात डोक्याच्या वर होता. मामांचे डोळे भरून आले, पण ते डबा खाली घेईनात.

"आधी पाठीला हात लाव. पात्याचं टोक कुठवर आलं, सांग."

"काखेकडे आलंय. आता डबा द्या."

मामा पुन्हा शिडी चढले. दुपारनंतर मात्र हात थकायचा. मग खाली उतरून, अर्धं छत न्याहाळत बसायचे.