तिसगावच्या तळ्यातल्या दोन कुमुदिनी

संगमनेरहून निघालो तेव्हा खिशात माझ्या गुरुजींचं पत्र होतं: 'तिसगावच्या तळ्यात कुमुदिनी एकाच जातीची आहे. दुसरी तुमच्या कल्पनेत असावी.' मी वाळवून पाठवलेली फुलं पाहून हा निकाल. ते जिल्ह्यातल्या वनस्पतींची यादी छापायला देणार होते, म्हणजे माझी दुसरी कुमुदिनी कायमची बाद. पत्रातलं अक्षर त्यांच्या भाच्याचं होतं. मला स्वतः लिहायलाही यांना सवड नाही, असा मी अर्थ काढला. नगरला मोटार बदलली, पण रागानं त्यांच्या घरी गेलो नाही.

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. करंजीच्या घाटात ती दोनदा बसली आणि आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली. तळ्यावर पोचलो तो भर दुपारी, आणि एकही फूल उघडं नाही. काठावर जाळं सांधत बसलेल्या करीमचाचांनी सांगितलं, की ही फुलं सकाळची. मुक्कामाला त्यांनीच ठेवून घेतलं. बाजरीची भाकरी आणि माशाचं कोरड्यास (कालवण) असं झणझणीत, की डोळे पुशीत मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सकाळी गुडघाभर पाण्यात शिरलो. दोन्हींची पानं तरंगती, फुलं पांढरी, गळ्याशी पिवळी. पण थोरलीच्या पाकळ्यांवर टॉवेलासारखी दाट लव; धाकटीच्या पाकळ्या गुळगुळीत, मधोमध फक्त एक उभी चुणी. आंधळ्यालाही कळेल, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि टिपकागद काढला.

"वाळल्यावर काय ऱ्हातंय त्यात, मास्तर?" चाचा म्हणाले. "जित्या कळ्या न्या. उद्या तितं फुलतील."

त्यांनी दिलेला लहान डेरा (रुंद तोंडाचं मडकं) मांडीवर घेऊन मी परतलो. घाटात बाकीच्यांनी मोटार ढकलली. फुलवाल्यांना बसू द्या, असं म्हणून मंडळी हसली. मी गुरुजींना सुनवायची वाक्यं जुळवत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरला त्यांच्या ओसरीवर डेरा ठेवला. दोन्ही फुलं उमललेली. गुरुजी नाक पाण्याला लागेपर्यंत वाकले. तेव्हा मला त्यांच्या बुबुळांवरचा पांढुरका पडदा दिसला.

मी त्यांचं बोट धरून थोरलीवर टेकवलं, मग धाकटीवर. बराच वेळ ते बोट फिरवत राहिले.

"हिला लव आहे. हिला नाही," ते म्हणाले. "दोन आहेत. यादीत तुम्हीच लिहा."

संगमनेरला परतताना माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद होताच, आणि माझ्या रागाची लाजही वाटत होती. यादीत मी दोन्ही नावं लिहिली होती. खाली सही मात्र गुरुजींची घेतली. कुठे करायची, ते पुन्हा बोट धरूनच दाखवावं लागलं.