भुईनिंबाचा तुंबा

फौजेतल्या शेवटच्या वर्षांत मी आफ्रिकेत, दक्षिण सुदानात, शांतिसेनेत होतो. काम पाण्याचा टँकर चालवण्याचं. पण मूल तालुक्यातल्या आमच्या गावात परत आल्यावर मी असं काही सांगायचो, की जणू दोन टोळ्यांची लढाई मीच मधे उभं राहून थांबवली. बायको ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "अजी, तिकडची शांती झाली असन, तर आता घरची करा."

घरची म्हणजे माझ्या दोन मोठ्या भावांची. दोघांची शेतं लागून. मी आफ्रिकेला जाण्याच्या आधीच्या पावसाळ्यात, धानाचा रोवणा सुरू असताना, दोन शेतांमधला धुरा, म्हणजे मातीचा बांध, फुटला आणि मोठ्याच्या बांधीतलं सारं पाणी मधल्याच्या बांधीत उतरलं. मोठ्याला वाटलं, मधल्यानेच फोडला. त्याने काठी हाणली. मधल्याचा डावा डोळा गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने एकच मागितलं, "दोघायले एका पंगतीत जेवताना पाहू दे. मंग मी जाते."

माझ्याकडे उपाय होता! आमच्या छावणीतला स्वयंपाकी अचोली जमातीचा. त्याच्या लोकांत खून पडला तरी शेवटी दोन्ही कुळं समोरासमोर येतात, हात पाठीमागे धरून वाकतात आणि वाळल्या भोपळ्याच्या एकाच तुंब्यातून कडू मुळीचा रस पितात. मी वहीत लिहूनच आणलं होतं.

ती मुळी आपल्याकडे कुठली? मी तापावर देतात तो कडू भुईनिंब उकळला. तुंबा शेजारच्या गोंड बाईकडून मागून आणला. आईची खाट अंगणात काढली. दोघं आले, तिच्यासाठीच. मोठ्याने वाकून घोट घेतला आणि थू थू केलं.

"हे काय मलेरियाचं औषध पाजून राह्यला बे?"

आई हसली. मधलाही हसणार होता, मी पाहिलं. पण तो तुंब्यावरून मान वर करून म्हणाला, "पितो मी. पहिले भाऊनं सांगावं, मले काऊन मारलं?"

"तूनं धुरा फोडला म्हणून."

"मायची शप्पथ, मी नाई फोडला."

"मंग कोणं फोडला?"

स्वयंपाक्याने एक गोष्ट बजावून सांगितली होती. तीही वहीत होती, फक्त मी कोणाला वाचून दाखवली नव्हती. रस अगदी शेवटी. आधी ज्याने केलं त्याने सगळ्यांसमोर कबूल करायचं. त्यालाच कधी कधी वर्षं लागतात.

त्या पावसाळ्यात मी सुट्टीवर आलो होतो. खेकडे धरायला धुऱ्यातलं बीळ कोपरापर्यंत खणलं होतं ते मी. पाच खेकडे निघाले. बीळ बुजवायचं राहून गेलं. आईने विचारलं होतं, कुठून आणले? धुऱ्यातून, म्हणालो. तिने झकास रस्सा केला होता.

आता ती खाटेवरून माझ्याकडे बघत होती. वाट पाहत होती.

"घुशीनं पोखरला असन," मी म्हणालो.

मधल्याने तुंबा मातीत उपडा केला आणि निघून गेला. आईने भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही, आणि फार दिवस राहिलीही नाही.

तेरवीला मोठा ओसरीत जेवला, मधला मागच्या अंगणात. दोन्हीकडे वाढायला मीच होतो.