दुपारी बाराची पाण्याची पाळी

अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी सातला गेले. त्याच दिवशी दुपारी बारा ते सहा आमच्या शेताची पाण्याची पाळी होती.

धरणात पाणी थोडंच उरलं होतं. कालव्याला हे शेवटचं आवर्तन, आणि ज्वारी पोटरीत आलेली, कणीस बाहेर पडायच्या बेतात. कालव्यातून आमच्या रानांकडे येणाऱ्या चारीवरची पाणी वापर संस्था अण्णांनीच उभी केली होती. पाळीला जो हजर नसेल त्याचं पाणी शेजाऱ्यानं घ्यायचं, हा नियमही त्यांचाच.

शेजारच्या रानाचे काका तिरडीचे बांबू घेऊन आले. त्यांची निम्मी ज्वारी त्यांच्या पाळीत भिजलीच नव्हती. मी म्हणालो, "काका, आजचं पाणी तुम्ही घ्या."

"मयताच्या घरचं पाणी पळवलं म्हनतील लोक."

"नियम आहे तसा."

"नियम ठिवा पुस्तकात, मास्तर. अर्ध्या घंट्याच्या जादा पान्यापायी तुमच्या वडलानं मला चारचौघांत झापलंय. आन आता त्यांच्याच पाळीला हात लावू व्हय?"

"मग आमच्या रानात सोडा."

"सुतक हाय. आज तिथं कुनी खोरं लावनार न्हाई."

ज्वारीचं मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. अण्णांचंही वाटत होतं की नाही, सांगता येत नाही. बांबू कापल्याचा आवाज ऐकत बसलो.

बहीण परळीहून दोनला पोचली. तीनला निघालो. स्मशान ओढ्याकाठी. ओढा दिवाळीपासून कोरडा, म्हणून अंघोळीसाठी बैलगाडीत दोन टिपाडं पाणी घेतलं होतं. उतारावर आलो तर ओढा घोटाभर वाहत होता. रानाकडचं दार कुणी उघडलं नाही, म्हणून चारीचं पाणी सरळ तिथं उतरलं होतं.

खांदेकरी क्षणभर थांबले. मागून एकानं विचारलं, "ह्याला पानी कावून आलं?"

"गप बस बे," काका म्हणाले.

अग्नी दिल्यावर सगळ्यांनी त्याच पाण्यात अंघोळ केली. मीही केली. टिपाडं भरलेलीच परत आली.

आमची सगळी आणि काकांची निम्मी ज्वारी दाणा न भरताच वाळली. महिन्याभरानं काका बांधावर भेटले. म्हणाले, "चुकलं का हो आपलं?"

"चुकलं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. त्यानंतर आम्ही जनावरांना कडबा कुठून आणायचा, यावर बोलत राहिलो.