गुळातली पिवळी पूड

सातवीनंतर शाळा सोडली, चार वर्षं गावातच काढली आणि मग मी कोल्हापूरकडून वऱ्हाडात कारंज्याला आलो, तो कापडाच्या दुकानात कामाला. सतरा वर्षांचा होतो. ज्या घरी खोली मिळाली तिथल्या वहिनीनं पहिल्या दिवसापासून मला ताटावर बसवलं. परमुलखात दुसरं कोण होतं मला? ते उपकार कसे फेडू, हीच धास्ती असायची.

तोंड मुरुमांनी भरलेलं. दुकानातले जुने मुनीम सगळ्यांदेखत म्हणायचे, "गिऱ्हाईक लुगडं पाहून राह्यलं का तुह्यं थोबाड?" शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी महिनाभराच्या कॅप्सूल लिहून दिल्या. मुरूम बसले. पण चिठ्ठी माझ्याजवळच राहिली. औषधवाल्यानं ती कधी ठेवून घेतली नाही, तारीख पाहिली नाही. मुरूम परत उठले की मी जायचो, तो पट्टी काढून द्यायचा. चिठ्ठी घड्यांवर फाटली, तेव्हा दुकानातल्या गोंदानं मी ती चिकटवली. पट्टीवर बारीक इंग्रजीत काहीबाही छापलेलं होतं. ते मला वाचता येत नव्हतं, आणि वाचून घ्यावं असंही सुचलं नाही.

त्या उन्हाळ्यात वहिनीच्या तीन वर्षांच्या पोराला गळवं झाली. वहिनी रडकुंडीला आलेली. मला वाटलं, आता फेडायची वेळ आली. कॅप्सूल उघडून अर्धी पिवळी पूड गुळात कालवली आणि पोराला चाटवली. आठ दिवसांत गळवं सुकली. "तू होता म्हणून," वहिनी म्हणाली. मी फुगलो. पुढचे दोन उन्हाळे गळू दिसलं रे दिसलं की मीच पूड काढायचो.

सातव्या वर्षी त्याचे दुधाचे दात पडून नवे आले ते करडे, मधे तपकिरी पट्टे. शाळेतली पोरं त्याला 'तंबाखूवाला' म्हणू लागली. वहिनी त्याला अकोल्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. सोबत मी.

डॉक्टरनं दात पाहिले. "लहानपणी याला पिवळ्या पुडीच्या कॅप्सूल कोणी दिल्या? लेकरांना त्या द्यायच्या नसतात. हा रंग आता घासून जायचा नाही."

मी भिंतीकडे पाहत बसलो. वहिनीनं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "नाही आठवत जी, डॉक्टरसायेब."

परतीच्या एसटीत मी हळूच विचारलं, "वहिनी, माझं नाव का नाही सांगितलं?"

"काहून सांगू? बाजूलेच तर बसला होता. तुले तोंड नव्हतं काय?"

तिनं संत्रं सोललं, पोराला दिलं, मग मलाही दिलं. आजही मला तिच्या रागापेक्षा ते संत्रंच जास्त टोचतं. खिडकीबाहेर एका गाढवानं कुणाचीतरी टोपी पळवली होती. पोरगं खदखदून हसलं, आणि हसता हसता त्यानं तोंडावर हात धरला. तसं करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.